तात्पुरता हुद्दा, कायमचे काम

गेल्या उन्हाळ्यात, निकाल लागून प्रवेशांची धावपळ सुरू झाली होती त्या दिवसांत, पुलगावचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. दारूगोळ्याच्या डेपोतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, बोलणे मोजके, हातात कागदांची पिशवी. त्यांचा थोरला मुलगा काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात होता. तेवढ्या ओळखीवर ते सल्ला विचारावयास आले होते. धाकट्या मुलीला प्रवेशपरीक्षेत बरे गुण मिळाले होते आणि लष्करी परिचर्या सेवेच्या अभ्यासक्रमाला अर्ज करावयाचे तिने ठरविले होते. ते म्हणाले, "सर, पोरगी मिलिट्री नर्सिंगले जातो म्हणते. आता नर्सच व्हायचं हाय तं मिलिट्रीत कायले? अन् मिलिट्रीतच जायचं हाय तं मंग नर्स कायले?"

मी त्यांना त्या दिवशी काही थातुरमातुर उत्तर दिले, पण प्रश्न मनातून गेला नाही. वरवर पाहता ही एका बापाची काळजी आहे. परंतु तिच्या दोन भागांत परिचारिकेविषयी आपण सर्वांनीच करून घेतलेले दोन समज दडलेले आहेत. परिचारिकेचे काम रुग्णालयाच्या चार भिंतींतले, डॉक्टरच्या मागे उभे राहून करावयाचे, त्याचा रणभूमीशी संबंध काय, हा पहिला समज. आणि लष्कर म्हणजे अधिकार. परिचारिकेला कसला आला अधिकार, हा दुसरा. प्रत्यक्षात असे आहे की जेथे डॉक्टर पोहोचत नाही तेथे परिचारिकेवर डॉक्टरचे काम येऊन पडते, ती ते करते, आणि संकट टळले की तिच्या हातचा अधिकार काढून घेतला जातो. युद्धात हे ठळकपणे दिसते एवढेच.

आमचा वर्धा जिल्हा ह्या बाबतीत मोठा विलक्षण आहे. एका बाजूस पुलगाव, देशातील मोठ्यांतले मोठे दारूगोळा भांडार. दुसऱ्या बाजूस सेवाग्राम. एकाच जिल्हा परिषदेच्या हद्दीत अहिंसेचा आश्रम आणि तोफगोळ्यांची कोठारे नांदतात, आणि आम्हां वर्धेकरांना त्याचे नवल वाटेनासे झाले आहे. ३१ मे २०१६ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, त्या भांडारात आग लागून स्फोट झाले; दोन अधिकाऱ्यांसह पंधराहून अधिक माणसे दगावली, त्यांत आगीशी झुंजणारे जवानच बहुसंख्य होते. भोवतालच्या खेड्यांतील लोकांना रातोरात घरे सोडावी लागली. जखमींना सावंगीच्या रुग्णालयात आणण्यात आले. पुढे नोव्हेंबर २०१८ मध्ये जुना दारूगोळा नष्ट करताना आणखी सहा जण गेले. भाजणे, स्फोटाच्या धक्क्याने आतून फुटणे, तुकडे शरीरात शिरणे ह्या रणांगणावरच्या जखमा युद्ध नसतानाही ह्या जिल्ह्याने पाहिल्या आहेत. अशा जखमेत पहिल्या तासाला जे मोल असते ते नंतरच्या सबंध दिवसाला नसते.

सार्जंट मेजर गांधी

सेवाग्रामच्या जिल्ह्यात राहून लष्कराविषयी लिहावे काय, असे कोणी विचारील. त्याला आश्रमातच उत्तर आहे. परचुरे शास्त्रींच्या कुष्ठाच्या जखमा स्वतःच्या हाताने धुणारे, त्यांना मालीश करणारे गांधीजी आपणां सर्वांस ठाऊक आहेत. पण ही शुश्रूषेची विद्या त्यांनी काही अंशी रणभूमीवर गिरविली होती, ह्याचे स्मरण फारसे कोणी ठेवीत नाही. बोअर युद्धात, १८९९ च्या अखेरीस, नाताळमधील हिंदी लोकांचे सुमारे अकराशे जणांचे शुश्रूषापथक त्यांनी उभे केले. डॉ. बूथ ह्यांनी त्यांना प्राथमिक शिक्षण दिले. ठरले होते ते असे की पथकाने माऱ्याच्या टप्प्याबाहेर काम करावे. जानेवारी १९०० मध्ये स्पिअन कॉपच्या लढाईत ती मर्यादा उरली नाही. जखमींचे स्ट्रेचर खांद्यावर घेऊन दिवसाकाठी वीस-पंचवीस मैल चालण्याचे प्रसंग आले.

१९०६ साली झुलूंच्या बंडाच्या वेळी गांधीजींचे पथक लहान होते, अवघे चोवीस जणांचे. फटक्यांनी पाठी फुटलेल्या झुलूंच्या जखमा धुण्यास गोरे परिचारक राजी नव्हते. ते काम ह्या हिंदी पथकाकडे आले. ह्या प्रसंगातील एक बारीकसा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. पथकाच्या कामात अडथळा येऊ नये म्हणून मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने गांधीजींना सार्जंट मेजरचा हुद्दा दिला. हुद्दा तात्पुरता. शुश्रूषा करणाऱ्याला अधिकार नसेल तर शुश्रूषाच होत नाही, हे त्या अधिकाऱ्याला कळत होते; आणि हा अधिकार कायमचा देण्याचे कारण नाही, हेही त्याला तितकेच स्पष्ट वाटत होते. पुढे १९१४ मध्ये लंडनला हिंदी स्वयंसेवकांचे पथक निघाले तेव्हा तुकडीचे नायक कोणी नेमावयाचे ह्यावरून पथक आणि त्याचा गोरा अधिकारी ह्यांच्यात तंटा झाला. नेटलीच्या रुग्णालयात जखमी हिंदी शिपायांची रीघ लागली तेव्हा तो मागे पडला.

तात्पुरता हुद्दा हे दोन शब्द लक्षात ठेवून लष्करी परिचर्येचा इतिहास वाचावयास घेतला तर तो जवळजवळ सगळा ह्या दोन शब्दांत मावतो.

परिचर्येची माणसेच कमी पडली म्हणजे काय होते, ते मराठी पलटणींनी त्याच महायुद्धात भोगले. मेसोपोटेमियात लढणाऱ्या सहाव्या डिव्हिजनचे नावच मुळी पुणे डिव्हिजन होते आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनच्या लढाईत ह्या सैन्याचे चार हजारांहून अधिक लोक मेले वा जायबंदी झाले. जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांतून मैलोगणती खडखडत नदीवर आणले, तेथून उघड्या तराफ्यांवर घालून बसऱ्याला पाठविले. पुरेशा पट्ट्या नाहीत, पुरेसे डॉक्टर नाहीत, आणि पट्टी बदलणारा, पाणी पाजणारा, कुशीवर वळविणारा माणूस तर नाहीच. ह्या हलाखीची चौकशी करण्यास आयोग बसला, १९१७ मध्ये त्याचा अहवाल आला आणि भारतमंत्री चेंबरलेन ह्यांना पद सोडावे लागले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो अहवाल वाचावा असा आहे, कारण त्यात दोष दिला आहे तो हिंदुस्थान सरकारच्या काटकसरीला. सैन्य वाढविले, पण त्याच्या शुश्रूषेची तरतूद वाढविली नाही. मेसोपोटेमियातील जखमी शिपायाने सरकारी तिजोरीतील ही बचत आपल्या हातापायांनी फेडली.

साहाय्यक दल

आपल्या देशातील लष्करी परिचर्येचा आरंभ १८८८ सालचा. त्या वर्षी विलायतेतून दहा प्रशिक्षित परिचारिका मुंबईस उतरल्या, त्या गोऱ्या सैनिकांसाठी. त्यापूर्वी फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांनी हिंदुस्थानातील गोऱ्या सैन्याच्या आरोग्याची आकडेवारी धसास लावली होती. लढाईत नव्हे, छावणीतच हजारी ६९ सैनिक दरसाल मरत होते. पहिल्या महायुद्धात हिंदी परिचारिकांची भरती झाली, १९२६ मध्ये कायम स्वरूपाची सेवा स्थापन झाली, आणि दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना १९४३ मध्ये वटहुकूम काढून परिचारिकांना अधिकाऱ्यांचे हुद्दे देण्यात आले. वटहुकूम हे मुळात तात्पुरते हत्यार. पण युद्धकाळातील विशेष कायद्यामुळे त्या वेळच्या वटहुकुमांना मुदतीची अट नव्हती, आणि आजही ह्या सेवेचा प्रश्न न्यायालयात गेला की तोच १९४३ चा वटहुकूम उघडावा लागतो. त्यात ह्या सेवेला सैन्याचे साहाय्यक दल म्हटले आहे. साहाय्यक ह्या एका विशेषणाने पुढे किती घोळ घातला ते पुढे येईलच.

सैन्यात स्त्रिया आल्या त्या १९९२ साली, असे आपण वर्गात सांगतो. ते इतर शाखांपुरते खरे आहे. त्याच्या सोळा वर्षे आधी, १९७६ मध्ये, लष्करी परिचर्या सेवेच्या गर्ट्रूड ॲलिस राम ह्या मेजर जनरल झाल्या होत्या. भारतीय सैन्यात त्या हुद्द्यावर पोहोचलेली ती पहिली स्त्री. स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकांतून हे नाव क्वचित आढळते. परिचर्या म्हणजे खरे सैन्य नव्हे, हा समज इतका मुरलेला आहे.

हा समज आपलाच आहे असे मात्र नाही. अमेरिकेने १९२० साली लष्करी परिचारिकांना 'सापेक्ष हुद्दा' नावाची वस्तू दिली: खांद्यावर चिन्ह अधिकाऱ्याचे, वेतन मात्र अधिकाऱ्याचे नाही. दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा, १९४४ मध्ये, त्यांना खरा हुद्दा मिळाला, तोही तात्पुरता. कायमचा व्हावयास १९४७ उजाडले. पुढे त्याच देशात ह्या प्रश्नाला वेगळे वळण लागले. १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ह्या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर ह्या बालरोगतज्ज्ञाने मिळून 'नर्स प्रॅक्टिशनर' तयार करण्याचा पहिला अभ्यासक्रम काढला. नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे जादा शिक्षण घेऊन रोगी तपासण्याचा, निदान करण्याचा आणि औषध लिहून देण्याचा कायदेशीर अधिकार मिळालेली परिचारिका. खेड्यापाड्यांतील मुलांना डॉक्टर मिळत नव्हता, त्यातून ही कल्पना निघाली. योगायोग असा की त्याच साली ड्यूक विद्यापीठात डॉक्टरांचे सहायक घडविण्याचा अभ्यासक्रम निघाला आणि त्याचे पहिले विद्यार्थी आरमारातून परतलेले वैद्यक शिपाई होते. आघाडीवर जखमा शिवलेल्या, सलाइन लावलेल्या, एकट्याने निर्णय घेतलेल्या माणसाला गावी परतल्यावर रुग्णालयात हमालाचे काम देणे हा केवढा अपव्यय आहे, हे तेथील एका प्राध्यापकाला जाणवले.

आज अमेरिकी सैन्य परदेशी तळावर गेले की त्यात नर्स प्रॅक्टिशनर असते. तिचे काम सिनेमातल्यासारखे नसते. युद्धात सैनिक गोळीने पडतात त्याहून किती तरी जास्त आजाराने आणि अपघाताने पडतात. हे प्रत्येक सैन्याच्या वैद्यकीय इतिहासात दिसते. जुलाब, ताप, खरूज, कंबरदुखी, मुरगळलेला घोटा, झोप न येणे, घरच्या पत्राने उडालेले चित्त. आपल्याकडे एमआय रूमसमोर सकाळी जी रांग लागते तीच ही रांग. ती रांग नर्स प्रॅक्टिशनर निकालात काढते. कोणाला विश्रांती द्यावयाची, कोणाला परत कामावर धाडावयाचे, कोणाला विमानाने मागे पाठवावयाचे ते ठरविते. त्यामुळे शस्त्रवैद्य शस्त्रक्रियेला मोकळा राहतो. पुढच्या लहान शस्त्रक्रिया-पथकांत भूल देणारी व्यक्तीही पुष्कळदा खास शिक्षण घेतलेली परिचारिकाच असते.

आपल्या सैन्यात ही पदवी नाही, हे काम मात्र आहे. ते दोघांत वाटले गेले आहे. रुग्णालयात परिचर्या सेवेच्या अधिकारी स्त्रिया. आणि पुढच्या चौकीवर सैनिकी वैद्यक दलाचा नर्सिंग असिस्टंट, हा साधा जवान. सियाचीनसारख्या ठिकाणी प्रत्येक चौकीवर डॉक्टर बसविता येत नाही. रात्री एखाद्या जवानाला धाप लागली, खोकल्यातून फेस येऊ लागला, तर उंचीमुळे फुप्फुसात पाणी भरत आहे हे ओळखावयाचे कोणी? प्राणवायू लावणे, योग्य ती गोळी देणे, हवेच्या दाबाच्या पिशवीत त्याला निजविणे, जमेल तितके खाली उतरविणे, आणि हे सर्व हेलिकॉप्टर येण्यापूर्वी. दूरध्वनीवर डॉक्टर सांगतो, हे खरे. पण रोग्याच्या छातीवर कान ठेवलेला माणूस चौकीवरचा असतो. कोरियाच्या युद्धात १९५० मध्ये लेफ्टनंट कर्नल रंगराज ह्यांच्या हाताखाली गेलेल्या ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्सने नाव कमावले. त्याच परंपरेतील ६० पॅरा फील्ड हॉस्पिटलची ९९ जणांची तुकडी फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर तुर्कस्तानात इस्केंदेरून येथे उभी राहिली. अशा तुकडीत डॉक्टर थोडे असतात; बाकी सारे परिचर्या करणारे, औषध देणारे, उपकरणे चालविणारे हात.

अर्थशास्त्राचे एक जुने प्रकरण

ह्या ठिकाणी मला माझ्या विषयाकडे वळल्यावाचून राहवत नाही. ॲडम स्मिथच्या ग्रंथातील टाचण्यांचा कारखाना आपण सर्वांनी पाठ केलेला असतो: एकाने तार ओढावी, दुसऱ्याने कापावी, तिसऱ्याने टोक काढावे. पण त्यापुढचे एक प्रकरण विद्यार्थी वगळतात. श्रमविभागणी किती करता येईल हे बाजारपेठेच्या आकारावर अवलंबून असते, असे तेथे सांगितले आहे. आणि उदाहरण दिले आहे ते स्कॉटलंडच्या विरळ वस्तीच्या डोंगराळ मुलखाचे, जेथे शेतकऱ्याला स्वतःच्या घरापुरता खाटीकही व्हावे लागते आणि पाववालाही.

नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात हृदयाचा डॉक्टर वेगळा, मूत्रपिंडाचा वेगळा, भूल देणारा वेगळा. कारण तेथे रोग्यांची बाजारपेठ मोठी आहे. दहा-बारा जवानांच्या चौकीला एवढे तज्ज्ञ पुरविणे कोणत्याही तिजोरीला शक्य नाही. तेथे एका माणसाला अनेक कामे करावीच लागतात. प्रश्न एवढाच उरतो की त्याला ती कामे शिकवून, अधिकार देऊन, मोबदला देऊन करवून घ्यावयाची, की गरज पडेल तेव्हा गुपचूप करवून घ्यावयाची आणि चूक झाली तर 'तुला कोणी सांगितले होते?' असे विचारावयाचे. दुसरा मार्ग स्वस्त दिसतो. त्याची किंमत ताळेबंदात दिसत नाही म्हणून तो स्वस्त दिसतो.

मोबदल्याचे म्हणाल तर आकडे सरकारी आहेत आणि लहान आहेत. सैनिकी जीवनातील खडतरपणाबद्दल वेतनाशिवाय जी रक्कम दिली जाते तिला लष्करी सेवा वेतन म्हणतात. सहाव्या वेतन आयोगाने ती अधिकाऱ्यांना दरमहा ६,००० रुपये ठरविली आणि परिचर्या सेवेच्या अधिकाऱ्यांना ४,२०० रुपये. सातव्या आयोगाने, २०१६ पासून, हेच आकडे १५,५०० आणि १०,८०० केले. म्हणजे दोन्ही वेळा शंभराला सत्तर. हे मूळ वेतन नव्हे. कामाच्या गुणवत्तेचा किंवा शिक्षणाच्या वर्षांचा येथे प्रश्नच नाही. ही रक्कम खडतरपणाची आहे. बदली तीच, छावणी तीच, बर्फ तोच, घरापासूनचे अंतर तेच. मग परिचारिकेला थंडी तीस टक्क्यांनी कमी वाजते असे मानावयाचे काय? २०२५ च्या अखेरीस न्यायमूर्ती रंजना देसाई ह्यांच्या अध्यक्षतेखाली आठवा वेतन आयोग नेमला गेला. निदान ह्या आयोगापुढे कोणी तरी हा साधा त्रैराशिकाचा प्रश्न मांडावा, असे मला वाटते. लेखाचा माझा हेतू पुष्कळसा हाच आहे.

'साहाय्यक' ह्या विशेषणाचा घोळ असा. एकदा तो शब्द चिकटला की प्रत्येक हक्काच्या वेळी, तुम्ही खरे सैनिक काय, हा प्रश्न उभा राहतो. निवृत्त परिचर्या अधिकाऱ्याला माजी सैनिक म्हणावे की नाही ह्यावरून पंजाबच्या नोकरभरतीतला एक तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२४ मध्ये न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षी फेब्रुवारीत आणखी एक निकाल लागला. १९८८ साली एका लेफ्टनंट परिचारिकेला सेवेतून कमी करण्यात आले होते, कारण तिने लग्न केले. १९७७ च्या लष्करी आदेशात तसे कारण लिहिलेलेच होते. १९९५ मध्ये तो आदेश मागे घेण्यात आला, पण तिच्या पदरी न्याय पडावयास छत्तीस वर्षे लागली. न्यायालयाने साठ लाख रुपये भरपाई देवविली. ज्या नियमाने विवाह हा पुरुषाच्या बाबतीत आनंदाचा प्रसंग आणि स्त्रीच्या बाबतीत अपात्रता ठरविली तो नियम कोणा एका दुष्ट माणसाने केलेला नव्हता. मोठमोठ्या सह्यांनिशी तो केला गेला आणि अठरा वर्षे बिनबोभाट चालला. आम्ही मास्तर, कारकून मंडळी अशा नियमांची नक्कल करणारे, आवक-जावक घालणारे. आपल्याही हाताखालून असे कितीक कागद गेले असतील.

चौकी आणि उपकेंद्र

हा प्रश्न छावणीच्या तारेच्या कुंपणात संपत नाही. आर्वी-कारंजाच्या डोंगरपट्ट्यातील एखादे उपकेंद्र घ्या. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की ती चौकीच असते. तेथील परिचारिका बाळंतपण करते, सर्पदंशाच्या रोग्याला सांभाळीत वाहनाची वाट पाहते, रक्तदाब तपासते, लस टोचते. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेखाली उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी आले. देशात इतरत्र ह्या जागा मुख्यतः परिचर्येच्या पदवीधरांकडे गेल्या. महाराष्ट्रात आयुर्वेदाच्या पदवीधरांना त्या मोठ्या प्रमाणावर मिळाल्या. नेमणूक कंत्राटी. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी आणि बाळंतपणासाठी नर्स प्रॅक्टिशनरचे अभ्यासक्रमही आखले आहेत. शिक्षण आखले गेले आहे. पण शिकून आल्यावर तिने स्वतःच्या सहीने काय करावे, कोणते औषध द्यावे, चुकले तर कोणत्या कायद्याने तिचा न्याय व्हावा, हे अजून पक्के झालेले नाही. येथेही हुद्दा तात्पुरता.

डॉक्टर मंडळींचा आक्षेप मी हलका मानीत नाही. अर्धवट शिकलेल्याच्या हाती औषधाची चिठ्ठी देणे म्हणजे गरिबाच्या जिवाशी खेळ, असे ते म्हणतात, आणि खेड्यातल्या भोंदू इंजेक्शनवाल्यांचा अनुभव पाहता त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. दुसरा आक्षेप माझ्या स्वतःच्या मनातला आहे. सरकारला स्वस्त डॉक्टर हवा असतो. परिचारिकेचा अधिकार वाढविण्याच्या नावाखाली शहराला डॉक्टर आणि खेड्याला परिचारिका अशी कायमची वाटणी होण्याचा धोका खरा आहे. अमेरिकेतही ही टीका झाली. सैन्याचा अनुभव येथे थोडे मार्गदर्शन करतो. तेथे नर्सिंग असिस्टंट हा डॉक्टरऐवजी नसतो, डॉक्टरपर्यंत नेणाऱ्या साखळीची पहिली कडी असतो. त्याच्यामागे पुढचे उपचारकेंद्र, त्यामागे फील्ड हॉस्पिटल, त्यामागे तळाचे मोठे रुग्णालय, आणि ह्या सर्वांना जोडणारी वाहने असतात. मागची साखळी तोडून पहिली कडीच खेड्याला द्यावयाची असेल तर आक्षेप घेणारे बरोबर आहेत. उपकेंद्राच्या दाराशी रुग्णवाहिका आणि दूरध्वनीवर डॉक्टर नसेल तर परिचारिकेला दिलेला अधिकार हा अधिकार नसून ओझे आहे.

त्या साखळीत परिचारिकेच्या निर्णयशक्तीवर विसंबावे लागते ते २०२१ च्या दुसऱ्या लाटेत सर्वांनी पाहिले. दिल्ली, लखनौ, वाराणसी येथे घाईने उभारलेल्या कोविड रुग्णालयांत लष्करी परिचारिका धाडण्यात आल्या. प्राणवायू कोणाला किती द्यावयाचा हे क्षणोक्षणी ठरविण्यास प्रत्येक खाटेशेजारी डॉक्टर उभा राहणे शक्य नव्हते. तेव्हा कोणी अधिकाराचा कागद मागितला नाही.

पुलगावचे ते गृहस्थ पंधरा दिवसांनी पुन्हा आले. तोवर मुलीने अर्ज भरला होता. लष्कराची परिचर्या महाविद्यालये सहा, त्यांपैकी पुण्याचे आणि मुंबईचे अश्विनी रुग्णालयातील अशी दोन आपल्या राज्यात. तिने पुणे पहिले लिहिले होते. अर्जात अविवाहित असण्याची अट वाचून ते बेचैन झाले होते. "लगन झाल्यावर काढून तं नाही टाकत ना, सर?" मी त्यांना १९९५ ची आणि २०२४ ची गोष्ट सांगितली. मग एका कागदावर १५,५०० आणि १०,८०० हे दोन आकडे लिहून दाखविले आणि फरक कशाचा ते समजावून दिले. त्यांनी डेपोत तीस वर्षे हिशेबाच्या वह्या लिहिल्या होत्या. कागद नीट पाहून ते म्हणाले, "हा फरक कोन्या खात्यात मांडतेत?" मला सांगता आले नाही. त्यांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि पुण्याला जाणाऱ्या गाडीच्या वेळा विचारल्या.